न्हाणीकडची वंय: गोव्यात बारमाही हिरवं कुंपण कसं निवडावं, कसं लावावं

आमच्या घरामागे, न्हाणीपासून दहा पावलांवर, पूर्वी काजूचं भाट, म्हणजे बाग, होतं. ते विकलं गेलं, तिथे दुमजली व्हिला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वरच्या गॅलऱ्यांतून आमची न्हाणी, तुळस, कपड्यांची दोरी सगळं दिसायला लागलं. मी घाईघाईने ग्लिरिसिडियाच्या काठ्या ठोकल्या. जूनमध्ये ठोकलेल्या काठ्यांनी चतुर्थीपर्यंत पालवी धरली, दुसऱ्या पावसात त्या डोक्यावर गेल्या. मी खूश. मग जानेवारीत पानं पिवळी पडली, फेब्रुवारीत गुलाबी फुलं आली आणि पान औषधालासुद्धा उरलं नाही. नेमका तेव्हाच व्हिलांमधला पर्यटकांचा हंगाम भरात. सासूबाई न्हाणीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगो, ही वंय कसली? नुसती काठ्यांची रांग!"

ग्लिरिसिडिया वाईट झाड नव्हे. हिरवळीच्या खताला त्याच्यासारखं दुसरं नाही. चूक माझी होती. मी झाड पाहिलं होतं जुलैत, आणि आडोसा मला हवा होता फेब्रुवारीत. गोव्यात जुलैमध्ये विजेचा खांबसुद्धा हिरवा दिसतो. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक जून ते सप्टेंबरात. नंतर मेअखेरपर्यंत जमीन कोरडीठाक. त्यामुळे कुंपणाचं झाड बघायला जायचं ते एप्रिलच्या दुपारी. आपल्याच वाड्यावर, ज्यांच्याकडे पाण्याची चैन नाही अशांच्या परसात, त्या वेळी कोणतं झुडूप बुंध्यापासून भरलेलं दिसतं ते आधी पाहून ठेवा.

आधी नजर मोजा

जुन्या गोंयकार घराचा बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, बांधलाच आहे रस्त्यावरचं दिसावं आणि रस्त्यावरच्यांना आपण दिसावं म्हणून. संध्याकाळी तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायची सवय असलेल्या माणसाने पुढची बाजू आठ फूट हिरव्या भिंतीने बंद केली की महिन्याभरात त्याला स्वतःलाच कोंडल्यासारखं होतं. शिवाय वळणावरच्या घराने रस्त्याच्या बाजूला कंबरेच्या वर काही वाढवूच नये, गाड्या दिसत नाहीत. आडोसा लागतो तो बहुधा एकाच तुकड्याला: न्हाणी, विहीर, मागचं दार, झोपायच्या खोलीची खिडकी. तेवढाच तुकडा धरा. खर्च आणि पाणी दोन्ही निम्म्यावर येतात.

तो तुकडा किती उंच हवा हे अंदाजाने ठरवू नका. एक लांब बांबू घ्या, त्याला टॉवेल बांधा. तुम्ही नेहमी बसता त्या जागी खुर्ची टाकून बसा आणि घरातल्या कुणाला तरी बांबू धरून कुंपणाच्या रेषेवर उभं करा. समोरची खिडकी टॉवेलआड जाईपर्यंत टॉवेल वर सरकवायला सांगा. ती उंची, अधिक हातभर. झालं.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, आणि पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्याचे ४.५ मीटरवर. तुम्ही कुंपणापासून ३ मीटर आत बसला असाल आणि ती गॅलरी कुंपणाच्या पलीकडे ६ मीटरवर असेल, तर नजर अडवायला कुंपण साधारण २.३ मीटर उंच लागतं. तेच कुंपण हद्दीवर न लावता तुमच्या खुर्चीपासून १ मीटरवर आणलंत, तर जेमतेम १.६ मीटर पुरतं. म्हणजे हद्दीवर तीन-चार वर्षं वाट पाहायची की न्हाणीजवळ कामिनीची आखूड ओळ लावून दीड-दोन वर्षांत मोकळं व्हायचं, याचा निकाल त्या टॉवेलवर लागतो. आम्ही दुसरा मार्ग धरला.

जागा काय म्हणते

किनाऱ्यालगत, म्हणजे मांद्रे, हरमल किंवा बाणावलीसारख्या ठिकाणी समुद्रापासून काहीशे मीटरच्या आत घर असेल, तर निवड खारा वारा करतो. पावसाळ्यात नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि नाजूक पानांच्या कडा करपतात. फोंडा, सत्तरी, सांगे या आतल्या भागांत तो त्रास नाही, पण जांभा खडक वरच लागतो आणि पावसात पाणी तुंबतं.

सावली बघा. माडाखाली ऊन गाळून येतं, तिथे बरीच झुडपं चालतात. पण चुडत, म्हणजे झावळ, वरून कोसळलं की कुंपणाला खिंडार पडतं हे धरून चालायचं. आंबा-फणसाच्या गर्द सावलीत ऊन मागणारं झाड लावलं तर ते खालून उघडं पडून वर काठीसारखं वाढतं.

तिसरी गोष्ट गुरं. रस्त्याच्या बाजूला मोकाट गुरं फिरत असतील तर जास्वंदीची कोवळी रोपं एका रात्रीत फस्त होतात. अशा ठिकाणी गुरं तोंड लावत नाहीत अशीच झाडं हवीत.

आणि चौथी, जी कोणी सांगत नाही: नवीन भिंतीच्या कडेला काय पुरलंय? बांधकाम झाल्यावर मुकादम सिमेंटचा राडारोडा तिथेच मातीआड करून जातो. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. त्यात चुना-सिमेंट मिसळलं की तेवढ्या पट्ट्यात तिचा गुण बदलतो. आमच्या पिटकुळीची, म्हणजे इक्सोराची, पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी झाली. मी खतांवर खतं घातली. शेवटी खणून बघितलं तर वीतभर खाली पांढरा थर. त्या मातीत पिटकुळीला लोह घेता येत नव्हतं. तो थर काढून शेणखत आणि भाटातली माती भरली, तेव्हा पुढच्या पालवीला रंग आला.

कोणतं झाड

कामिनी, म्हणजे कुंती, हे माझं पहिलं उत्तर. पान लहान, चकचकीत, दाट. कात्री चालवाल तेवढं भरतं. दीड ते अडीच मीटरवर आरामात राखता येतं. पाऊस पडून गेला की पांढऱ्या फुलांचा वास घरभर. अर्धवट सावलीही सोसते. वेग मध्यम, चांगला आडोसा व्हायला तीन पावसाळे धरा. दोन रोपांत ६० सेंटीमीटर अंतर. एक अट मात्र आहे: परसात लिंबू, संत्रं असेल तर विचार करा. लिंबूवर्गात हरित रोग पसरवणारी सायला कीड कामिनीवरही वाढते. कढीपत्त्याचंही तसंच.

जास्वंद घाई असलेल्यांसाठी. गावठी, लाल, एकेरी पाकळ्यांची घ्या. नर्सरीतल्या मोठ्या फुलांच्या संकरित जातींना पिठ्या ढेकूण जास्त लागतो आणि त्या पावसात मान टाकतात. गावठी जास्वंद दुसऱ्या पावसाळ्यातच माणसाच्या उंचीची होते, रोजचं पूजेचं फूल देते. अंतर ७५ सेंटीमीटर. पिठ्या दिसला की पाण्याचा जोराचा फवारा मारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी. जास्वंदीची ओळ कितीही कापली तरी थोडी विस्कटलेलीच दिसते. मला आवडते, शेजारणीला नाही.

तगर हे आपल्याकडे देवाच्या फुलांसाठी लावलेलं झाड, कुंपण म्हणून कुणी मोजत नाही. पण एप्रिलमध्ये बघा, खालपर्यंत गडद हिरवी असते, आणि माडाखालच्या गाळीव उन्हात कामिनीपेक्षा सुखी असते. अंतर ७५ ते ९० सेंटीमीटर. कापताना चीक येतो, जुने कपडे घाला.

पिटकुळी ही या किनारपट्टीचीच. आम्ल माती, ऊन आणि निचरा मिळाला की वर्षभर लाल घोस. पण गावठी पिटकुळी हळू वाढते आणि बुटक्या जाती गुडघ्याच्या वर जात नाहीत. विकत घेताना नीट विचारा, कारण पिशवीत दोन्ही सारख्याच दिसतात. बसल्यावर नजर अडवायची असेल तर गावठीच.

अडुळसा गुरं खात नाहीत, बकऱ्याही नाकं मुरडतात. खोकल्याचा काढा घरचा. फांदी लावली की लागते. दिसायला साधा, म्हणून मागच्या हद्दीला.

कोयनेल म्हणजे वनजाई. खाडीच्या काठाने, मानशीजवळ (खारं पाणी अडवणाऱ्या दरवाजाजवळ) ही आपोआप वाढलेली असते. मिठाचा वारा, खारी माती, कडक ऊन, सगळं सोसते आणि कापल्यावर भिंतीसारखी सपाट होते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये असं माझं मत. अंतर ४५ सेंटीमीटर. न कापता सोडली तर मात्र लोळत सुटते. किनाऱ्याला कण्हेरही टिकते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात रांगतं मूल असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

करवंद: आडोसा आणि राखण दोन्ही. काट्यांमुळे कुत्रंही आत शिरत नाही. मेमध्ये फळं. पण न्हाणीच्या वाटेवर नको, साडी अडकते.

उंच पडदा हवा असेल, म्हणजे समोर खरोखरच तिमजली काही असेल, तर झुडपांनी भागत नाही. तिथे बांबू. माणगा हा आपल्या कोकण-गोव्याचा बिनकाट्यांचा, भरीव बांबू. बेट करून वाढतो, धावत सुटत नाही. पण आठ-नऊ मीटर जातो आणि पानं गाळत राहतो, म्हणून छपराच्या पन्हळीपासून दूर, दोन बेटांत दोन-अडीच मीटर सोडून. अरुंद जागेला बारीक पानांचा शोभेचा बेटवाला बांबू बरा. नर्सरीत विचारताना एकच प्रश्न: बेट करतो की मुळं धावतात? उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

धीर असेल तर ओवळ. बकुळीला आपण मोठं झाड म्हणूनच ओळखतो, पण लहानपणापासून कात्री लावली तर तिची दाट, गडद भिंत होते आणि ओवळांचा वास फुकट. वेग गोगलगाईचा. भिरंड, म्हणजे कोकम, तेही तसंच, सावलीत वाढतं, फांद्या खालपर्यंत झुकवतं, आणि एप्रिल-मेमध्ये सोलांची सोय करतं. ही झाडं लावताना एक लक्षात ठेवा: गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. झाड मोठं झाल्यावर "आता नको" म्हणून तोडायला परवानगी लागते. म्हणून विचार आधी.

जे मी लावणार नाही

फायकस. दिसतो सुरेख, कापला की हिरवा ठोकळा होतो आणि मुळं सोकपीट, पाण्याची पाइप, गडगा (दगडी कुंपण), सगळ्यांत घुसतात. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते इथे अक्षरशः खरं.

कोनोकार्पस. एका नर्सरीवाल्याने मला "एका वर्षात आठ फूट, पाणी नको" म्हणून वीस रोपं गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. गुजरात सरकारने २०२३ मध्ये याच्या लागवडीवर बंदी घातली, कारणांमध्ये मुळांचा उपद्रव आणि परागांनी होणारा श्वसनाचा त्रास होता.

खोटा अशोक. उंच जातो, पण नजर जिथे अडवायची तिथे वर्षं गेली की नुसते बुंधे. सोनेरी ड्युरांटाची फळं विषारी, शिवाय पावसाळ्यानंतर ती आतून काटकुळी होते. बोगनवेल कमानीवर शोभते. कुंपण म्हणून कोरड्या दिवसांत पानांपेक्षा फुलंच जास्त, आणि काटे काढणारा माळी नंतर येत नाही.

चर, रोपं आणि मिरग

आता हिशेब. १२ मीटर लांबीला ६० सेंटीमीटर अंतराने एका ओळीत २१ रोपं लागतात. दोन-तीन जास्त घ्या. लवकर दाट हवं असेल तर दोन ओळी नागमोडी, ओळींत ४५ सेंटीमीटर सोडून. भिंतीपासून किंवा गडग्यापासून किमान ६० सेंटीमीटर आत लावा. मागच्या बाजूने कापायला माणूस शिरला पाहिजे, आणि शेजाऱ्याच्या जागेत फांद्या गेल्या की संबंध बिघडतात ते वेगळंच.

खड्ड्यांपेक्षा सलग चर बरा, ४५ सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल. मेमध्ये जांभा पिकासाला दाद देत नाही. एखादी वळवाची सर पडून गेली की खणा. आता सगळ्यांत महत्त्वाचं: कातळात खणलेला चर म्हणजे पाण्याची टाकी. जुलैत तो भरतो, आठवडाभर पाणी हटत नाही, मुळं कुजतात आणि रोप ऑक्टोबरात मरतं, म्हणून आपण उन्हाला दोष देतो. चर खणल्यावर त्यात चार बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर उताराच्या टोकाला चराला तोंड फोडून वाट काढा. तेही जमत नसेल तर खाली न खणता वर वरंबा घाला, गुडघ्याच्या निम्म्याने उंच, आणि त्यावर लावा.

चराच्या तळाला नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या साली, उपडी घाला, आपले जुने लोक माडाच्या खड्ड्यात घालायचे तशी. पाणी धरून ठेवतात. वर दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. पेंडीने वाळवीला थोडा आळा बसतो. माती बसते, म्हणून भरताना जमिनीपेक्षा वीतभर उंच.

रोपं निवडताना उंचीला भुलू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा नर्सरीत पाच फुटी, एका काठीचं रोप महाग असतं आणि कुंपणाला निरुपयोगी. हातभर उंचीचं, जमिनीलगत तीन-चार फांद्या फुटलेलं घ्या. पिशवीचा तळ बघा. मुळं गोल गुंडाळून बाहेर आली असतील तर ते रोप तिथे दोन वर्षं पडून आहे. जास्वंद, अडुळसा, कोयनेल, तगर यांना तर पैसेही घालवायला नकोत. जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर फांद्या शेजारून मागून आणा.

लागवड मिरगाचा पाऊस नीट धरल्यावर, जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. पहिल्याच सरीला धावू नका. मध्ये आठ दिवस उघडीप पडली की रोपं माना टाकतात. जुलैच्या धो-धो पावसातही नको, माती चिखल होते आणि मुळांभोवती घट्ट बसते.

रोप लावून झालं की त्याचा वरचा एक तृतीयांश भाग कापून टाका. हो, कापा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मामाने मी मागे उभी असताना एकवीसपैकी एकोणीस रोपांची टोकं कोयत्याने उडवली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पंधरा दिवसांत प्रत्येक कापलेल्या टोकाखाली तीन-चार फुटवे. जी दोन रोपं मी लपवून तशीच ठेवायला लावली, ती आजही खालून उघडी आहेत. त्यांच्यापुढे अबोली लावून झाकली आहेत.

पहिल्या पावसात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी रात्री कोवळे शेंडे खातात. टॉर्च घेऊन वेचा, हातमोजे घालून, आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाका.

पाणी आणि कात्री

पहिले दोन उन्हाळे तुमचे, पुढचे झाडाचे. डिसेंबर ते मे, दर तिसऱ्या दिवशी रोपाला ६ लिटर. २१ रोपांना एका पाळीला सव्वाशे लिटर, म्हणजे रोजचा हिशेब तीन बादल्यांच्या आत. विहीर असेल तर प्रश्न नाही. नळावर असाल तर एप्रिलची आठवण ठेवून रोपं कमी लावा. बुंध्याशी पातेरा, म्हणजे वाळका पाला, चार बोटं जाड पसरा, पण खोडाला चिकटून नको. तिथे वाळवी चढते. संध्याकाळी पाणी घाला.

पहिली दोन वर्षं दर वीतभर वाढीला शेंडा खुडत जा, हवी ती उंची गाठायची घाई न करता. आकार खाली रुंद, वर किंचित अरुंद ठेवा. उलट झालं तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि गुडघ्यापर्यंत काठ्या उघड्या पडतात, मग नजर खालून जाते. वर्षाला तीन कापण्या पुरतात: मेअखेर जोराची, चतुर्थीच्या आठवडाभर आधी हलकी, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात नीटनेटकी. मार्चमध्ये कापू नका. आतली कोवळी पानं एकदम उन्हात येतात आणि भाजतात.

कात्री लावण्याआधी कुंपण काठीने हलवून बघा. पानं एकमेकांना शिवल्यासारखी दिसली तर ते हुमल्यांचं, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचं, घर, हात घातलात तर नाचाल. शिंपी किंवा बुलबुलाचं घरटं दिसलं तर तेवढा भाग पिल्लं उडून जाईपर्यंत सोडा. बुटांशिवाय बुंध्याशी जाऊ नका. पातेऱ्यात फुरसं बसतं आणि बांबूच्या बेटात हिरवा चापडा, जो पानासारखाच दिसतो. घराच्या अगदी जवळच्या ओळीखालचा पातेरा म्हणूनच मी पावसाळ्यात काढून टाकते.

एवढं करूनही एखादं रोप तिसऱ्या-चौथ्या वर्षी मरतं, आणि दाताच्या फटीसारखी ती जागा दिसते. तिथे नर्सरीतलं हातभर रोप लावलं तर दोन्ही बाजूंची झाडं त्याला ऊनच मिळू देत नाहीत. म्हणून सुरुवातीला जास्त घेतलेली दोन-तीन रोपं मोठ्या पिशवीत किंवा जुन्या बादलीत त्याच वयाची वाढवत ठेवायची, तशीच कापत. गेल्या जूनमध्ये न्हाणीच्या कोपऱ्यातली एक कामिनी गेली, त्या जागी बादलीतली बसवली, दोन महिन्यांत फट बुजली. उरलेल्या दोन अजून टाकीमागे उभ्या आहेत. सासूबाई त्यांनाही रोज तांब्याभर पाणी घालतात.